आडनाव : हो

वामनकाकांनी विचारलं, आडनाव?
ती म्हणाली, हो.
काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
हो काय? आडनाव सांगा, बाई.
हो, ती पुन्हा म्हणाली,
तेव्हा मी मधे पडले :
काका, आडनावच आहे तसं. हो.

घाटावर बुधवारचा बाजार.
कुणी मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होतं
आणि काका लाल बासनातली वही उघडून
त्या एका अक्षराकडे बघत बसलेले.

अंबडच्या कारखान्यात चार वर्षं
आम्ही एकाच टेबलावर बेअरिंगं तपासतो,
मी आणि हो मि-ग्योंग.
तिला माझ्या डब्यातली भेंडी नको असते, ठेचा हवा असतो.
तिची मराठी क्रियापदांवाचून चालते
आणि कुठंही अडत नाही.

गाव?
गिम्हे.
राहता तिथं?
नाही. मी बुसान. आजोबा पण बुसान.
पण नावामागे गाव पाहिजेच,
नाहीतर कोणते किम, कोणते पाक, कळणार कसं?
म्हणजे गिम्हेकर, काका म्हणाले
आणि समाधानानं लिहून टाकलं.

मूळ पुरुष?
मूळ बाई, ती म्हणाली.

समुद्रावरून आलेली राणी.
लाटा गप्प राहाव्यात म्हणून नावेत दगड घेऊन आलेली.
देश आयुत. कुणी म्हणतं अयोध्या.
काकांचं पेन थांबलं : अहो, मग माहेर आपल्याकडचं की!
कुणी म्हणतं नुसती गोष्ट, ती म्हणाली.
एवढं वाक्य काकांना ऐकू आलं नाही.

राणीला दहा मुलगे.
म्हातारपणी तिनं राजाकडे दोनच मागितले,
माझ्या नावाचे असू देत म्हणून.
राजा हो म्हणाला.
तेव्हापासून आम्ही हो.
बाकीचे किम.

(माझं आडनाव दोनदा बदललं,
एकदा जाताना, एकदा परतताना.
याच वहीत ज्या पानावर माझं नाव आहे
त्या घरात मी राहत नाही.
काकांना ते पान माहीत आहे.
ते उलटताना त्यांनी अंगठा जरा जोरात ओला केला.)

मग तिनं पर्समधून चिठ्ठी काढली.
किम दो-ह्यन. हे पण लिहा.
किम्, काका पुटपुटले, संस्कृतात म्हणजे काय?
यजमान का?
नाही. होऊ दिलं नाही.

मी समजावून सांगितलं :
सगोत्र पडतात, काका.
तिच्या वडिलांनी वंशावळीचे जाडजूड खंड
खोलीभर मांडले होते म्हणे,
आणि ती चहा घेऊन आली तेव्हा
बोट एका आईवर होतं.
तो मार्चमध्ये गेला.
त्याच्या फोटोजवळ उभं राहायला
रक्ताची माणसं पुरेशी होती.

काका बराच वेळ पेनाचं टोपण घालत-काढत राहिले.
परक्याचं नाव नाही घालता येत, बाई.
नातं लागतं. काय लिहू नातं?

तिनं नदीकडे पाहिलं.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायाशीही नव्हतं.
एक पोरगं चुंबकाला दोरी बांधून
कुंडातली नाणी ओढत होतं.

भाऊ, ती म्हणाली.

सख्खा?
चुलत.
किती लांबचा?
बहात्तर पिढ्या.

काकांनी लिहिलं. भाऊबंद असा शब्द वापरला,
खाली तारीख, तिथी,
आणि जिथं तिची सही हवी तिथं बोट.
तिनं आपल्या लिपीत केली,
रेघा, एक गोल, पुन्हा रेघा.
काकांनी शाईवर फुंकर घातली, वाचून दाखवलं :
बरोबर ना?

हो, ती म्हणाली.

परतताना तिनं लवंगी मिरची घेतली पावशेर,
घासाघीस न करता. एरवी ती करते.